पाटीखालची जागा

१

कोंडीबा ढवळे गुदमरून जिथे पडला होता, तिथून आग विझवायचा सिलिंडर दोन हातांवर उभा होता. भरलेला, सील न तोडलेला. आणि कोंडीबाच्या पुढ्यात टॉवेलचे तीन गठ्ठे रांगेतून ओढून काढलेले होते.

पंचनाम्यात एवढंच होतं, आणि एवढ्यावरून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहाच्या टपऱ्यांवर निकालही लागून गेला. खंडेनवमीची पूजा उरकून सगळे घरी गेले, शेड रिकामी पडली, हा गडी माल उचलायला गोदामात शिरला, बिडी कुठेतरी टाकली असेल, आग लागली, तरी गठ्ठे सोडवले नाहीत. शुद्ध हेतू असता तर हाताशी असलेल्या सिलिंडरला हात लावला नसता का? मागावरच्या बावीस वर्षांत ज्याने सुताचा तुकडा घरी नेला नाही, त्याला चोर ठरवायला लोकांना दोन कप चहा पुरले.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी ऋतुजा आबासाहेब लोंढ्यांच्या दारात उभी राहिली. आबासाहेब कारखाने तपासणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आता छोट्या कारखान्यांत जाऊन कामगारांना आगीपासून कसं वाचायचं ते शिकवायचे. दुपारची झोप मोडली की ते चिडत, पण या पोरीला बघून त्यांची झोप आणि चीड दोन्ही गेली. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. हातावर तेलाचे काळे डाग अजून मुरायचे होते.

ती म्हणाली की खंडेनवमीला वर्कशॉपात तिच्या लेथची पहिली पूजा होती. तिने हट्ट करून बापाला कुर्डुवाडीला बोलावून घेतलं होतं. दरवर्षी मागांची पूजा कोंडीबाच करायचा, तो तेवढा एक दिवस चुकला. दुपारच्या गाडीने तो परत आला तो थेट शेडमध्ये, आपल्या मागांना नुसता नमस्कार करायला.

"सर, माझा बाप चोर हाय का न्हाय, एवढंच मला सांगा. हाय म्हणला तरी मी ऐकून घेईन. पण टपरीवरचं न्हाय ऐकणार."

कोंडीबा आबासाहेबांना चांगला आठवत होता. गेल्या वर्षी याच शेडमध्ये त्यांनी शिकवणी घेतली तेव्हा तो पुढे बसून मन लावून ऐकत होता. आबासाहेबांची दोन वाक्यं ठरलेली होती. एक, धुरात सिलिंडर शोधत बसू नका, वरची पाटी शोधा. पाटी तिथं सिलिंडर. दुसरं, हेही तुमचं हत्यारच आहे, मागाइतकंच त्याला जपा. दोन्ही वाक्यांवर त्यांचं प्रेम होतं. चाळीस वर्षांच्या नोकरीतून एवढीच कमाई त्यांनी घरी आणली होती.

"बघतो," ते म्हणाले. वचन द्यायचं त्यांनी टाळलं.

२

शेड आठ मागांची. मालक राजशेखर, चाळिशीचा, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला मऊ. पुढे माग, मागे एकाच दाराचं गोदाम, आणि त्या दाराला लागूनच विजेचा बोर्ड. आग बोर्डाच्या वायरीतून लागली हे वीजवाल्यांनीही मान्य केलं होतं. म्हणजे बिडी तरी कोंडीबाच्या नावावरून गेली. पण गोदामात शिरलेल्या माणसाचा परतीचा रस्ता त्या बोर्डाने बंद केला होता. विम्याचा माणूस यायचा म्हणून गोदाम होतं तसंच ठेवलेलं होतं.

आबासाहेबांनी राजशेखरला पहिला प्रश्न पाटीचा विचारला. गेल्या वर्षी जाताना ते वहीत लिहून गेले होते की सिलिंडर गठ्ठ्यांच्या आड जातो, वर पाटी लावा.

राजशेखर हसला. "साहेब, हितं पाच माणसं कामाला. पाटी काय वाचायची? लालभडक सिलिंडर हाय, कुणालाबी दिसतो की."

"दिसतो तोवर पाटी लागतच नाही," आबासाहेब म्हणाले. "दिसायचा बंद झाला की लागते."

राजशेखरने खांदे उडवले आणि मग आवाज खाली आणून सांगितलं की कोंडीबाला त्याने भावासारखा मानला होता, त्याच्याविरुद्ध तो स्वतः एक शब्द बोलला नाही, पण गठ्ठे तर सगळ्यांनी बघितले. हे म्हणताना त्याने दोनदा रुमालाने मान पुसली. ऑक्टोबरची हीट सोलापुरात असतेच, म्हणून आबासाहेबांनी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

गोदामात ते एकटे गेले. भिंती वर्षभरापूर्वी चुन्याने रंगवलेल्या, आता काळ्याठिक्कर. कोपऱ्यात ते तीन गठ्ठे, आणि त्यामागे सिलिंडर. आबासाहेब खाली बसले. गुडघ्यांनी तक्रार केली ती त्यांनी ऐकली नाही. सिलिंडरवर काजळी होती, पण ती वरून बसलेली नव्हती. बोटांनी फासलेली होती, बोटांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. मुठीखालच्या खाचेत बोट पोचलं नव्हतं. तिथे कुंकू होतं, आणि कुंकवात चिकटलेले तांदळाचे दोन दाणे.

मग त्यांनी दोन्ही हातांनी सिलिंडर उचलून बाजूला ठेवला आणि खालची फरशी बघितली.

चुलीशेजारचा डबा उचलला की खालची जागा वेगळी दिसते. तसं इथे गोल, स्वच्छ असं काहीतरी दिसायला हवं होतं. फरशी सगळीकडे सारखीच काळी होती. आग लागली तेव्हा सिलिंडर इथे नव्हताच. कोंडीबाच्या हाताशी काहीही नव्हतं.

उठताना आधाराला भिंत धरून त्यांनी वर बघितलं, आणि तसेच थांबले. त्याच कोपऱ्यात, दोन पुरुष उंचीवर, काळ्या भिंतीत एक पांढराशुभ्र चौकोन होता. चार टोकांना चार खिळ्यांची भोकं. आग लागली तेव्हा तिथे काहीतरी टांगलेलं होतं, आणि नंतर ते कुणीतरी काढून नेलं होतं.

३

राजशेखरने चौकोन बघून सांगितलं की कॅलेंडर असेल. आबासाहेबांनी मान डोलावली. एवढ्या उंचीवरच्या कॅलेंडरवरची तारीख कोण बघत होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्री त्यांनी बायकोला ही गोष्ट सांगितली, कारण बोलल्याशिवाय त्यांना विचार करता येत नसे. नव्हता तो सिलिंडर आगीनंतर आणून ठेवला, होती ती वस्तू आगीनंतर काढून नेली. काम एकाच माणसाचं वाटतं. पण ती वस्तू पाटी असेल तर कोडं उलटं फिरतं. सिलिंडर जागेवरच होता असं ज्याला दाखवायचंय, तो पाटी कशाला काढेल? तो तर नसलेली पाटी आणून लावेल. म्हणजे हात दोन, आणि दोघांची कारणंही वेगळी. बायको म्हणाली, जेवून घ्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निंगप्पाला गाठलं. निंगप्पा शेडचा मुकादम. खंडेनवमीला तो सासुरवाडीला अक्कलकोटला गेला होता, पूजेला नव्हता. तीनच्या सुमारास परत येऊन फाटक उघडत होता तेव्हाच कोंडीबा स्टेशनवरून आला. दोघांनी मिळून शेड उघडली. बोर्डाजवळ धूर होता, ज्वाळा अजून वीतभरच.

"कोंडीबातात्या म्हणले, तू शेजारच्या शेडवाल्यास्नी बोलीव, मी आलोच." निंगप्पा म्हणाला. "मी पळालो, साहेब. बादल्या घिऊन आमी दहा जणं आलो तवर दार पेटल्यालं."

आबासाहेबांनी त्याला हे टपरीवर का सांगितलं नाही म्हणून विचारलं. सांगितलं होतं, तो म्हणाला. पण गठ्ठ्यांचं त्याच्यापाशी उत्तर नव्हतं, आणि लोकांना गठ्ठेच ऐकायचे होते.

"त्या कोपऱ्यात वर काय टांगलेलं होतं?"

"पाटी की," निंगप्पा सहज म्हणाला. "सिलिंडरची. मालकानं दिली न्हाय म्हणून तात्यानं घरनं करून आणली. मालक गोदामात फिरकत न्हाईत, त्यास्नी त्ये ठावं बी नसंल. पत्र्याची, त्यावर सिलिंडराचं चित्र आन खाली बाण. अक्षर एक बी न्हाय. शिलाईवाल्या म्हादेवीला कन्नडच वाचता येतं आन दोघं तेलुगूवाले, म्हणून नुसतं चित्र. माल वाढला की सिलिंडर ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात जायचा, मग तात्या शिडी लावून पाटी बी तिकडं न्यायचे. लई नेम व्हता त्यांचा. सिलिंडर गठ्ठ्याआड दिसला न्हाय तरी पाटी खोटं बोलत न्हाय म्हणायचे."

आबासाहेबांच्या डोळ्यांपुढे ते तीन गठ्ठे आले. पाटी वर आहे, सिलिंडर खाली दिसत नाही, म्हणजे तो गठ्ठ्यांमागे दबलाय. मग पहिला गठ्ठा ओढा, नाही, दुसरा ओढा, नाही, तिसरा. तोवर मागे दार पेटलेलं. कोंडीबा चोरी करत नव्हता. तो पाटीवर विश्वास ठेवून शोधत होता.

आबासाहेबांनी विचारलं, "ती पाटी आता कुठे आहे?"

निंगप्पाने त्यांच्याकडे नवलाने बघितलं. "दसऱ्याच्या दिशी माती देऊन आल्यावर त्यांची पोरगी आली व्हती. ऋतुजा. तिनंच काढून नेली. शिडी मी धरली."

४

पाटी नंतर, असं आबासाहेबांनी स्वतःला बजावलं. आधी दुसरा हात.

पूजा झाली होती मालकाच्या केबिनमध्ये, अंगणापलीकडे. पूजेला होते राजशेखर आणि महादेवी. उरलेले दोघे सणाला गावी गेलेले. पूजेला मांडलेल्या हत्यारांना दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही, म्हणून केबिनला कुलूप, आणि किल्ली राजशेखरच्या खिशात. कुंकवाचा सिलिंडर त्या कुलपाआड असणार. आग चालू असताना तो तिथेच, अंगणापलीकडे, हळदीकुंकू लावून बसलेला.

महादेवी टॉवेलच्या कडा शिवायची. पन्नाशीची, ठेंगणी, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. आबासाहेब तिच्या घरी गेले तेव्हा ती भाकरी थापत होती. त्यांना बघून तिने पीठ लागलेले हात तसेच मांडीवर ठेवले. ते विचारायच्या आधीच ती बोलली.

"मीच नेला, साहेब. पूजेला."

तिने सांगितलं की दरवर्षी मांडणी अण्णा करायचे, म्हणजे कोंडीबा. यंदा ते नव्हते, म्हणून तिने केली. कात्र्या, तराजू, नटबोल्टचे पाने, तेलाची बुधली, सगळं धुऊन पुसून मांडलं. मग सिलिंडर आठवला. तो कधीच कुणी पूजला नव्हता. तिला वाईट वाटलं.

"तो का आठवला?"

महादेवीने वर बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, हे आबासाहेबांना पुढे बरेच दिवस छळत राहिलं.

"तुमीच सांगितलं होतं की. ह्ये बी तुमचं हत्यारच हाय म्हणून. मागाइतकंच जपा. मग हत्यार पूजेत नको का?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती उलटायला कुणाचाच हात गेला नाही.

मग ती पुढचं बोलली. पाटी तिच्या हाताला येणारी नव्हती, आणि उद्या सिलिंडर तिथेच परत ठेवायचा होता, म्हणून तिने पाटी राहू दिली. घरी गेली. संध्याकाळी कळलं. दसऱ्याला दिवस उगवायच्या आत, पंच यायच्या आधी, राजशेखर दारात आला आणि म्हणाला, सिलिंडर जागेवर ठेव, काजळी लाव, नाहीतर माणूस मारल्याचं तुझ्यावर येईल. किल्ली त्याने हातात दिली. तिने ठेवला. वर पाटी तशीच होती, धुराने काळी झालेली. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"चोर म्हणत्यात अण्णाला, मी ऐकते. रोज ऐकते. मी बोलले असते तर मला म्हणले असते. मी भ्याले, साहेब."

आबासाहेबांनी तिला दोष दिला नाही. तो द्यायचा तर आधी कुणाला द्यायचा, हे आता त्यांना कळलं होतं.

राजशेखरला त्यांनी त्याच दुपारी गाठलं. त्याने नाकारायचा प्रयत्न केला, पण कुलपाची किल्ली एकच होती आणि आबासाहेबांनी तेवढंच विचारलं. मग तो खुर्चीत बसला आणि रुमाल तोंडाला लावला. तो म्हणाला की नारळ फोडताना सिलिंडर पूजेत बघितला होता, त्यात वावगं असं काही वाटलं नाही. आग लागल्यावर डोक्यात प्रकाश पडला आणि कारखाना बंद होईल म्हणून भीती वाटली. चोरीचं त्याने सुरू केलं नव्हतं. फक्त थांबवलं नाही.

"तेवढंच पुरलं," आबासाहेब म्हणाले.

५

आता उरली पाटी. राजशेखर आणि महादेवी आज कबूल झाले, उद्या वकील भेटला की फिरतील. फिरणार नव्हती ती एकच गोष्ट: काळ्या पुढच्या बाजूचा आणि स्वच्छ पाठीचा एक पत्रा, जो त्या पांढऱ्या चौकोनात बसतो. कोंडीबा त्या कोपऱ्यात का गेला आणि गठ्ठे का ओढले, हे तोच सांगणार होता. पण तो मागायचा म्हणजे पोरीला सगळं सांगायचं. आबासाहेब दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी बायकोच म्हणाली की तिने हो किंवा नाही ऐकायला तुमचं दार गाठलं होतं, गोड ऐकायला नाही.

ऋतुजाने पाटी खुंटीवर, बापाच्या फोटोशेजारी लावली होती. पुसली नव्हती. काजळीखाली लाल रंग आणि बाणाचं टोक अंधूक दिसत होतं. तिने सांगितलं की ती तिनेच आयटीआयमध्ये असताना तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रंगवली होती. बापाने ठोकलेले खिळे तिने स्वतः उपसले, त्याच्या हाताची तेवढीच वस्तू होती म्हणून. बोलता बोलता ती थांबली. आबासाहेबांचा चेहरा तिने वाचला होता.

त्यांनी काहीही झाकलं नाही. पूजा, कुलूप, गठ्ठे, महादेवीची भीती, राजशेखरची धमकी. आपली दोन्ही वाक्यंसुद्धा त्यांनी तिला जशीच्या तशी म्हणून दाखवली. एका वाक्याने सिलिंडर पूजेत नेला, दुसऱ्याने कोंडीबाला पाटीखाली.

ती भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "पाटी नसती तर बाबा वाचले असते?"

चाळीस वर्षं त्यांनी हजारो माणसांना पाट्या लावायला सांगितल्या होत्या. खोटं बोलायची एवढी इच्छा त्यांना कधी झाली नव्हती.

"बहुतेक. सिलिंडर दिसला नसता तर बाहेर आला असता. पाटी होती म्हणून थांबला." त्यांनी खुंटीवरच्या पाटीकडे बोट केलं. "पण पाटी चुकली नाही, पोरी. पाटीखालची जागा रिकामी होती. तू रंगवलेलं खरं होतं, आम्ही ते खोटं पाडलं."

ऋतुजा तेव्हा रडली. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच, हे तिने त्यांना नंतर सांगितलं. मग तिने डोळे पुसले, खुंटीवरची पाटी काढली आणि जुन्या चादरीत बांधली.

६

चौकशी अधिकारी शेडमध्ये आले त्या दिवशी दिवाळीला दोन दिवस राहिले होते. राजशेखर, महादेवी, निंगप्पा, शेजारच्या शेडवाले आणि ज्यांनी निकाल लावला होता ते टपरीवालेही दारात गर्दी करून उभे. आबासाहेबांनी मोजक्या शब्दांत सगळं मांडलं. महादेवीने आपलं म्हणणं खाली मान घालून पण स्पष्ट सांगितलं. राजशेखर नाही म्हणाला नाही.

मग निंगप्पाने पुन्हा एकदा शिडी धरली. ऋतुजा चढली आणि पाटी त्या पांढऱ्या चौकोनावर ठेवली. कडा बरोबर बसल्या. चारी भोकं जुळली. दारातला एक टपरीवाला टोपी काढून मागे सरकला, आणि अधिकाऱ्यांनी वहीत लिहून घेतलं की मयत कामगार आग विझवण्याच्या प्रयत्नात मरण पावला. आबासाहेबांनी ते वाक्य तीनदा वाचून घेतलं. ऋतुजाने विचारलेल्याचं उत्तर आता कागदावर होतं.

अधिकारी म्हणाले, झालं बाई, पुरावा म्हणून ती खाली द्या.

ऋतुजा खाली आली नाही. दोन्ही तळहातांनी पाटी भिंतीला दाबून ती तशीच उभी राहिली.

"आधी खाली सिलिंडर ठेवा," ती म्हणाली. "त्याबिगर मी हात काढणार न्हाय."

सिलिंडर दाराजवळ पंचांच्या टेबलाशेजारी होता. आबासाहेब पुढे झाले, पण त्यांच्या आधी महादेवी निघाली होती. तिने तो एकटीने उचलला, पदर सावरला, गर्दीतून वाट काढत कोपऱ्यात आली आणि बाणाच्या बरोबर खाली तो टेकवला. मग ती तिथेच, काळ्या फरशीवर, त्याला धरून बसून राहिली. वर ऋतुजाने एकेक करून हात काढले.